कावनई–सांजेगाव: इगतपुरीजवळचा द्राक्षपट्टा एका दिवसात कसा पाहावा

नाशिकची वाइन म्हटलं की बहुतेक जण गंगापूर धरणाकडे वळतात. तिथलं नाव मोठं आहे आणि सोयीही चांगल्या आहेत, पण सुट्टीच्या दिवशी गर्दीही तितकीच असते. पहिल्यांदाच वाइनरी बघायला निघालेल्या माणसाला मी वेगळा रस्ता सुचवतो. घोटीवरून वैतरणा-त्र्यंबकच्या अंगाला आत शिरायचं आणि कावनई-सांजेगावच्या शिवारात दिवस काढायचा. एका बाजूला सह्याद्रीची रांग, खाली मुकणे धरणाचं पाणी, मध्ये भातखाचरं आणि त्यांच्यातच द्राक्षाचे मळे. इथे घाई नसते. वाइन कळायची असेल तर पेल्याआधी वेल बघायला हवी, आणि त्यासाठी लागणारी सवड या भागात मिळते. पुढचं सगळं नियोजन त्याच क्रमाने लावलं आहे: आधी मळा, मग टाक्या, मग पेला.

महिना ठरवा, मग तारीख

सर्वांत आधी हे ठरवा, कारण चुकीच्या महिन्यात गेलात तर द्राक्ष दिसणारच नाही. महाराष्ट्रात द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते. त्यानंतर फुटणाऱ्या काड्यांमध्ये पुढच्या फळाची तयारी होते, पण घड लागत नाहीत. मग सप्टेंबर-ऑक्टोबरला फळ छाटणी होते आणि त्यातून आलेले घड जानेवारी ते मार्च या काळात काढणीला येतात. थंड देशांत वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून हे दोन छाटण्यांचं गणित.

याचा सरळ अर्थ असा की घड, काढणी, क्रशिंग (द्राक्ष चिरडून रस काढणं) हे सगळं एकत्र बघायचं असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा एवढाच काळ हाताशी आहे. त्यातही फेब्रुवारी उत्तम. सकाळी हवेत गारवा असतो, मळ्यात माणसांची लगबग असते, आणि वाइनरीत आंबणाऱ्या रसाचा वास दारातूनच जाणवतो.

पावसाळ्यात जायचा मोह अनेकांना होतो, आणि तो चुकीचा नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथले डोंगर धबधब्यांनी भरून जातात, खाचरांत भाताची लावणी चालू असते. पण तेव्हा वेलीवर फक्त पानं दिसतील, टाक्यांमध्ये शांतता असेल आणि धुक्यामुळे समोरचा डोंगरही कदाचित दिसणार नाही. ती सहल निसर्गाची म्हणून करा. वाइन समजून घेण्याची पहिली सहल म्हणून नको. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा मधला पर्याय आहे: भात पिवळा झालेला, आकाश स्वच्छ, आणि वेलीवर नवी फूट.

तारीख ठरवताना ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे तर ठरलेलेच. त्याखेरीज निवडणुका आणि काही सणांच्या दिवशीही विक्री बंद असते. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की लोक हमखास हा बेत आखतात, तेव्हा टेस्टिंग, म्हणजे वाइनचे नमुने चाखणं, आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. शक्य असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा. मार्गदर्शकाला वेळ असतो, तुमच्या प्रश्नांना नीट उत्तरं मिळतात. आणखी एक: २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या आसपासच्या दिवसांत या रस्त्यांवर मौजेची सहल काढू नका.

कुठल्या वाइनरी, आणि किती

दोन पुरेत. तिसरीचा विचारही करू नका. चौथ्या-पाचव्या नमुन्यानंतर नवख्या जिभेला फरक कळेनासा होतो आणि पुढचं सगळं वाया जातं.

या पट्ट्यात दोन नावं आहेत आणि दोघांची जात वेगळी आहे, म्हणून ही जोडी चांगली जमते. कावनईच्या शिवारातली व्हॅलोने ही लहान, निवांत वाइनरी आहे. तिचे मळे, वाइनरी आणि जेवायची जागा एकाच आवारात आहे, त्यामुळे वेलीपासून बाटलीपर्यंतचा प्रवास चार पावलांत डोळ्यांखालून जातो. सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा मोठी. मूळ ग्रोव्हर कंपनी कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याची. ‘झाम्पा’ नावाने वाइन विकणाऱ्या सांजेगावच्या व्हॅली द व्हाँ या कंपनीशी २०१२ मध्ये तिचं विलीनीकरण झालं आणि आजचं जोडनाव तयार झालं. इथे जाण्याचं मुख्य कारण म्हणजे स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दोन्हीकडे आधी फोन करून वेळ घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: मळ्यात फिरवतात का, टेस्टिंगमध्ये किती नमुने असतात, आणि त्या आठवड्यात काढणी किंवा क्रशिंग चालू आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर सकाळची वेळ मागा. द्राक्ष उन्हात तापायच्या आत तोडतात, दुपारी गेलात तर रिकामे क्रेट दिसतील.

पोचायचं कसं

मुंबईहून स्वतःच्या गाडीने निघणार असाल तर दोन रस्ते आहेत. जुना मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाटातून चढतो. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तो जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून थेट इगतपुरीजवळ पिंप्री सदोला बाहेर काढतो. माझा सल्ला असा: जाताना घाटाने जा, येताना बोगद्याने या. सकाळच्या उन्हात घाट चढण्याचा आनंद बोगद्यात मिळत नाही, आणि अंधारात, थकलेल्या अंगाने मालट्रकांच्या रांगेतून घाट उतरण्यात काही शहाणपण नाही. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही, त्यामुळे बाइकवाल्यांना दोन्ही वेळा घाटच.

रेल्वेने जाणं मला जास्त आवडतं, आणि त्याचं कारण उघड आहे: परतताना गाडी कोण चालवणार हा प्रश्नच उरत नाही. मुंबईहून सकाळी निघणारी तपोवन एक्सप्रेस इगतपुरीला थांबते आणि संध्याकाळी तीच परतीलाही मिळते. निघण्याआधी वेळा तपासून घ्या. कसाऱ्यानंतर थळ घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र आहे, म्हणून गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. खिडकीची जागा मिळवा. लोकलने कसाऱ्यापर्यंत येऊन पुढे शेअर जीपने घाट चढणारेही पुष्कळ आहेत. इगतपुरी किंवा घोटीहून दिवसभरासाठी गाडी ठरवा. इथून पुढे सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर दोन वाइनरी होणार नाहीत. ठरवतानाच परतीची वेळ आणि थांबायचा वेळ स्पष्ट बोलून घ्या.

नाशिककरांना तर घोटी जवळच, तासाभरात पोचाल. पुणेकरांनी सिन्नरवरून घोटीला यायचं, पण तेवढा प्रवास एका दिवसात दोन्ही बाजूंनी करण्यापेक्षा एक मुक्काम धरलेला बरा.

घोटीत गाडीत इंधन भरा, रोख पैसे काढा आणि मोबाइलमध्ये नकाशा उतरवून घ्या. आतल्या वाड्यांमध्ये नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. नाश्ताही इथेच आणि भरपेट करा. रिकाम्या पोटी टेस्टिंगला बसणं हा या सहलीतला सर्वांत मोठा धोका आहे.

सकाळ: किल्ला किंवा कपिलधारा

ज्यांच्या पायात जोर आहे त्यांनी सकाळी कावनईचा किल्ला चढावा. किल्ला लहान आहे, गावातून तासाभरात माथ्यावर पोचता येतं. वरच्या टप्प्यात एका ठिकाणी लोखंडी शिडी आहे, माथ्यावर पाण्याचं तळं आणि कामाक्षी देवीचं मंदिर. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर निजामाकडून जे किल्ले पेशव्यांना मिळाले त्यांत कावनईचं नाव येतं. वरून हा सगळा मुलूख एकदम उलगडतो. भातखाचरं आणि द्राक्षाच्या सरळ रांगा यांतला फरक वरूनच सर्वांत छान दिसतो.

क्रम मात्र बदलू नका. किल्ला आधी, वाइन नंतर. दोन पेले घेऊन शिडी चढायला जाऊ नये हे सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो.

चढायचं नसेल तर पायथ्याजवळचं कपिलधारा तीर्थ पाहा. कपिल मुनींच्या नावाने ओळखली जाणारी ही जागा वारकरी आणि साधुसंतांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, आणि सिंहस्थाचं मूळ स्थान हेच अशी इथली श्रद्धा आहे. इथे जायचं ते वाइनरीच्या आधी, स्वच्छ मनाने आणि साध्या कपड्यांत. गावातल्या लोकांसाठी हे देवस्थान आहे. तोंडाला वास घेऊन संध्याकाळी तिथे जाणं त्यांना दुखावतं, आणि ते दुखावणं रास्त आहे.

मळ्यात काय बघायचं

साडेदहा-अकराच्या सुमाराला पहिल्या वाइनरीत पोचा आणि टेस्टिंगच्या टेबलाकडे न जाता आधी मळा दाखवा म्हणून सांगा.

वाइनचं द्राक्ष बघून लोक निराश होतात. बाजारातल्या थॉमसन किंवा सोनाकासारखे लांबट, टपोरे मणी इथे नसतात. मणी लहान, घट्ट, जाड सालीचे आणि बियांचे. वाइनला नेमकं हेच हवं असतं, कारण लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा साल-बियांतूनच येतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचं प्रमाण वाढतं. मार्गदर्शकाने परवानगी दिली तर एक मणी तोंडात टाका, साल वेगळी चावून बघा. जिभेवर जी कोरड पडते ती लक्षात ठेवा, दोन तासांनी पेल्यात तीच पुन्हा भेटेल. विचारल्याशिवाय मात्र एकही मणी तोडू नका. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात आणि फवारणीनंतर किती दिवस फळ खायचं नाही हे मळेवाल्यालाच ठाऊक असतं.

साखर किती भरली हे ब्रिक्समध्ये मोजतात. वाइनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडणी होते, स्पार्कलिंगसाठी त्याच्या आधीच, आंबटपणा टिकून असताना. कुणाकडे रिफ्रॅक्टोमीटर दिसला तर डोळा लावून बघायला मागा. एका थेंबात साखर वाचता येते.

इथे एक प्रश्न जरूर विचारा: एवढ्या पावसाच्या इगतपुरीत द्राक्ष कसं काय? निफाडसारखा पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा द्राक्षाचं माहेरघर, तर हा भाताचा मुलूख. उत्तर ऐकण्यासारखं असतं. उतारावरची जमीन पाणी धरून ठेवत नाही, फळ लागायचं ते पाऊस सरल्यावर, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर हिवाळ्याच्या रात्री चांगल्या गार होतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा यामुळे फळात साखर भरते आणि आंबटपणाही शिल्लक राहतो. तरी अवकाळीची टांगती तलवार कायम असते. फेब्रुवारीत एक गारपीट झाली तर वर्ष जातं. हे मळ्यात उभं राहून ऐकलं की बाटलीच्या किमतीकडे बघायची नजर बदलते.

टाक्यांच्या खोलीत

आतली फेरी साधारण अर्ध्या-पाऊण तासाची असते. सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच धरून चला: पांढऱ्या वाइनसाठी द्राक्ष आधी दाबून फक्त रस आंबवतात, लाल वाइनसाठी रस सालीसकट आंबवतात. पांढरी गार टाकीत सावकाश आंबते म्हणजे तिचा सुगंध उडून जात नाही. लालला थोडी जास्त ऊब लागते म्हणजे सालीतला रंग उतरतो. स्टीलच्या टाक्यांना बाहेरून जे दुहेरी आवरण दिसतं त्यातून गार द्रव खेळवून हे तापमान सांभाळतात. ओकच्या पिंपांची खोली वेगळी असते आणि तिथला वास दिवसभर आठवत राहतो. आंबवणीच्या दिवसांत टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, म्हणून कोणत्याही टाकीत वाकून डोकावू नका.

सांजेगावला स्पार्कलिंगची पद्धत आवर्जून समजून घ्या. ग्रोव्हर झाम्पाची स्वारे ही पारंपरिक पद्धतीने बनते, म्हणजे तिची दुसरी आंबवणी प्रत्यक्ष बाटलीत होते. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत तयार होणाऱ्या वायूला बाहेर जायला वाट नसते, तो वाइनमध्येच मुरतो. दाब बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट चढतो, म्हणून या बाटलीची काच जाड आणि बूड खोलगट. काम संपलेलं यीस्ट तळाशी बसतं. मग बाटली हळूहळू फिरवत उलटी करत नेतात, गाळ मानेत जमतो, मान गोठवतात आणि झाकण उघडताच गाळाचा बर्फ दाबाने बाहेर उडतो. हे सगळं समजल्यावर पेल्यातल्या बारीक बुडबुड्यांची रांग बघण्यात वेगळाच आनंद आहे.

टेस्टिंग: बिचकू नका

ओळखपत्र जवळ ठेवा. वय २१ पूर्ण नसेल तर नमुना मिळणार नाही. त्या दिवशी अत्तर किंवा परफ्यूम लावू नका, आणि पान-तंबाखू किंवा कडक चहा घेतल्यावर लगेच बसू नका.

क्रम साधारण असा: स्पार्कलिंग, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल, शेवटी गोड. पेला दांड्याला धरा. पांढऱ्यावर धरून रंग बघा, हलकेच फिरवा, नाक आत घालून वास घ्या. वास ओळखताना पुस्तकी शब्द शोधू नका. मार्गदर्शक ‘गूजबेरी’ म्हणाला आणि तुम्हाला कच्ची कैरी आठवली तर तुमची कैरी बरोबर आहे. सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये ओल्या गवताचा किंवा हिरव्या मिरचीचा वास येतो, शिराझ या लाल वाइनमध्ये मिरी आणि जांभूळ सापडतं. आपल्या स्वयंपाकघराने आपल्या नाकाला पुष्कळ शिकवलेलं आहे, त्याच्यावर विश्वास ठेवा.

मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं ते थुंकण्यासाठी, आणि ते वापरण्यात अजिबात कमीपणा नाही. जाणकार हटकून थुंकतात. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी प्या. जे आवडलं ते का आवडलं, एका ओळीत मोबाइलवर लिहून ठेवा. संध्याकाळी विकत घ्यायच्या वेळी नावं एकमेकांत मिसळतात.

न आवडलेली वाइन संपवायची सक्ती नसते. आणि सोबत कुणी न पिणारं असेल तर त्यांना आग्रह करू नका. मळा, डोंगर आणि जेवण यांतच त्यांचा दिवस भरून जातो.

गाडी कोण चालवणार

घरून निघतानाच हे नाव ठरवा, आणि त्या माणसाने एकही घोट घ्यायचा नाही. ‘थोडीशीच’ हा हिशेब इथे चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेवा. हे रस्ते अरुंद आहेत, संध्याकाळी गुरं परततात, शाळेतून पोरं चालत येतात. असा एक जण नसेल तर ड्रायव्हरसह गाडी करा. तो खर्च सहलीच्या हिशेबात आधीच धरा.

दुपार आणि परत

पहिल्या वाइनरीनंतर दोन तास मोकळे ठेवा. जेवण शांतपणे करा, भरपूर पाणी प्या, मग दुसरी. तिथून चार-साडेचारला निघालात तर मुकणेच्या किंवा वैतरणेच्या पाण्याशी सूर्यास्त मिळतो. मुकणेचं पाणी नाशिक शहराला जातं, तेव्हा काठावर बाटल्या आणि प्लॅस्टिक टाकू नका. पाण्यात उतरण्याचं धाडसही नको, धरणाच्या काठाचा उतार फसवा असतो.

घोटी ही तांदळाची जुनी बाजारपेठ आहे, तिथे भाताच्या गिरण्या आहेत. परतताना इंद्रायणीची एक पिशवी घ्या. या मातीचं खरं पीक तेच आहे.

बाटल्या दिवसाच्या शेवटी घ्या आणि बिल जपून ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत वाइन दोन तासांत बिघडू शकते, म्हणून सकाळीच एक थर्मोकोलची पेटी टाकून ठेवा. इथून पुढे गुजरातकडे जाणार असाल तर एकही बाटली सोबत नको, तिथे दारूबंदी आहे.

घरी आल्यावर बाटली दोन दिवस गार, अंधाऱ्या जागी राहू द्या. पांढरी ८ ते १२ अंशांना द्या. लाल वाइन ‘घरातल्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला थंड देशांचा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून १६-१८ अंशांवर आणा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते. शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनची बाटली आणली असेल तर ती तिखट जेवणासोबत उघडा. तिच्यातली हलकी गोडी मसाल्याला छान सांभाळून घेते. तळलेली मासळी किंवा भरलं वांगं आणि सोबत घोटीच्या तांदळाचा भात, एवढा बेत पुरेसा आहे.